आबांच्या डब्याची वायर

त्या रविवारी मी मळवलीला उतरले आणि पोह्यांत मीठ कमी पडल्याचं मला रेल्वेच्या फाटकापाशीच कळलं. आमचं घर फाटकापासून बरंच आत आहे, भाताची खाचरं संपतात तिथं. पण आबांनी डबा लावला होता.

"झुंबर, मीठ न्हाई ह्यात," असा आबांचा आवाज खाचरांवरून आला. झुंबर म्हणजे माझी आई.

वाटेत रतनबाई मावशी म्हैस बांधत होती. ती आमची शेजारीण. दोन घरांमध्ये निरगुडीचं कुंपण आहे, आणि ते आवाजाच्या आड येत नाही. "पोह्यांत," तिनं मला खुलासा केला. "काल आमटीत जास्त झालतं."

आईला ऐकू येईनासं झालं तेव्हा मी शाळेत होते. एकदम गेलं नाही. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची कडी, मग माणसं. कानाशी जाऊन ओरडलं तर आवाज पोचायचा, शब्द पोचायचे नाहीत. पुण्याला नेऊन कानाचं मशीन आणलं, पण त्यात वारा वाजतो म्हणून तिनं ते देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिलं आणि तिथंच ते बंद पडलं. तिला वाचता येत नाही. त्यामुळे आमच्या घरात हातवारे होते. आलीस का, जेवलीस का, निघालीस का, एवढ्याचे हातवारे होते. बाकीच्या गोष्टींचे आम्ही कधी ठरवले नाहीत.

आबा, म्हणजे माझे वडील, बंगल्यांवर केअरटेकर होते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं यायची, आणि ती गेली की सोमवारी आबा झाडू हातात घ्यायच्या आधी प्रत्येक खोलीतले विजेचे बोर्ड बघायचे. "मानसं सोनं इसरत न्हाईत. चार्जर इसरत्यात," असं त्यांचं म्हणणं होतं. सापडलेल्या चार्जरला ते दोरी बांधायचे, दोरीला बंगल्याच्या नावाची चिठ्ठी लावायचे आणि आइस्क्रीमच्या मोठ्या टबात ठेवायचे. न्यायला कुणी येत नसे. टब भरला की दुसरा टब येई. आइस्क्रीमही माणसं बंगल्यावरच टाकून जात.

एकदा एका बंगल्यावर योगासनांचं शिबिर झालं. शिकवणाऱ्या बाई आपला आवाजाचा डबा विसरून गेल्या. कमरेला पट्ट्यानं बांधायचा, पोथीएवढा काळा स्पीकर आणि डोक्यावरून तोंडापुढे येणारा माईक. मोठ्या वर्गांवर शिकवणाऱ्या मास्तरांकडे असतो तसा. आबांनी फोन लावला. बाई म्हणाल्या, जुनाच आहे काका, राहू द्या तुम्हाला. आबांनी तो घरी आणला, अंगणात उभं राहून कमरेला बांधला आणि चालतो का ते बघायला म्हणाले, "हॅलो."

आई चुलीपाशी होती. ती वळून म्हणाली, "काय?"

आबा बराच वेळ तसेच उभे राहिले म्हणे. मग म्हणाले, "काय न्हाई."

कित्येक वर्षांनंतरचं दोघांचं हे पहिलं बोलणं. रतनबाई मावशी त्याला साक्षी आहे.

त्या डब्याचा आवाज चिरका, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा होता. बहुधा म्हणूनच तो आईच्या कानात शिरत असावा. तेव्हापासून आबा घरात शिरले की आधी चपला काढायचे आणि मग डबा बांधायचे. आईचा आवाज मुळात मोठा, बहिऱ्या माणसांचा असतो तसा. त्यामुळे आमच्या घरातलं सगळं बोलणं आळीला ऐकू जाई. चहा ठेव म्हटलं की कुंपणापलीकडून "माज्यापन घोटभर!" असं येई. भांडण झालं की लोक बाजू घेत. आबांना त्याचं काही वाटत नसे. "आपलं काय चोरीचं हाय?" ते म्हणत.

मला वाटायचं. मी वडगावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. बोलू नका अशी पाटी माझ्या डोक्यावर लावलेली आहे आणि ती लावायची गरज मला स्वतःला कधी पडली नाही. आबा माईक माझ्या डोक्यावर चढवायचे, "बोल आयशी संगं," म्हणायचे, आणि मी बोलायचे: गाडी उशिरा आली. भात चांगला झालाय. धाकट्या निलेशचा फोन आला होता. शाळेच्या मैदानात, सगळ्या गावासमोर चालेल एवढंच.

तर तो रविवार. पोहे खाऊन आबा टब घेऊन अंगणात बसले. आमचा चुलतभाऊ अमृत मोबाइल घेऊन आला होता. त्याला सी टाइप हवी होती. आबांनी टबातल्या वायरी जमिनीवर पसरल्या. गोल पिनीच्या, बारीक पिनीच्या, आयफोनच्या. सी टाइपची एकच निघाली. अमृतनं ती लावून बघितली. चार्जिंग सुरू झालं.

"हळू होतंय पण," अमृत म्हणाला.

"दुसऱ्याच्या घरचं खातोय तो. लाजत खानार," आबा म्हणाले.

"आबा, आता सगळ्या फोनला एकच पिन येणार आहे," मी म्हणाले. "कायदा होतोय."

"आन ह्या समद्यांचं मग?"

"टाकून द्यायच्या."

आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मालक आला म्हंजे?"

"आबा, आजवर एक तरी आला का चार्जर न्यायला?"

"न्हाई," आबा म्हणाले. "म्हनून तर यायचे ऱ्हायल्यात ना समदे."

आईला आम्ही कशावर हसतोय ते कळेना. आबांनी डबा लावून सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "टाकून कशाला द्यायच्या? कपडे वाळत घालाया व्हत्यात."

सोमवारी वाचनालय बंद असतं, म्हणून मी राहिले आणि सकाळी आबांबरोबर बंगल्यावर गेले. पाहुणे रात्रीच गेले होते. आबांनी खोल्या फिरून बोर्ड बघितले. काही सापडलं नाही. खाली आले आणि ओट्याच्या पायरीवर बसले, डावा हात चोळत.

"माधे, वरचा गिझर बंद हाय का बघ," ते म्हणाले.

मी वर गेले. बंद होता. खाली येऊन मी म्हणाले, "बंद आहे." ते काही बोलले नाहीत, म्हणून मी पुन्हा एकदा म्हणाले.

डॉक्टरांनी मोठा झटका म्हणून सांगितलं. कळलंही नसेल त्यांना, असंही म्हणाले.

घरी आणलं तेव्हा रतनबाई मावशीनं मला मिठी मारली आणि विचारलं, "नाव घेतलं आसंल ना गं देवाचं?" दुपारपर्यंत आबांनी देवाचं नाव घेऊन प्राण सोडला हे गावाला कळलं होतं. भाजे गावाच्या बाजूनं आलेले पाहुणे तर कोणत्या देवाचं तेही सांगत होते.

माणसं खूप आली. रस्ता अरुंद. नदीकडे न्यायच्या वेळी गाड्यांची कोंडी झाली, तेव्हा अमृतनं आबांचा डबा कमरेला बांधला आणि "पांढरी गाडी मागं घ्या, पांढरी, अहो पाव्हणं, तुमचीच पांढरी," असं बराच वेळ सांगत राहिला. आई त्या आवाजानं दोनदा दारापर्यंत आली. मग डब्याचा दिवा लाल झाला आणि विझला. आबांच्या डब्यातलं शेवटचं चार्जिंग पार्किंगला गेलं. त्याचा उपयोग झाला नाही असं मला म्हणता येणार नाही.

संध्याकाळी घर शांत झाल्यावर आईनं पहिल्यांदा विचारलं, "शेवटाला काय म्हनलं त्यांनी?"

ती नुसती चौकशी नव्हती. आमच्याकडे दहाव्याला नदीवर पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. गेलेल्याचं मन कशात अडकलं असलं तर कावळा येत नाही. मग घरचे एकेक जण पुढे होऊन, हात जोडून सांगतात, आईकडे बघू, जमीन विकणार नाही. बरोबर ते बोललं गेलं की कावळा येतो. आईला त्या दिवसाच्या आत कळायला हवं होतं की आबांचं काय राहिलंय. आणि शेवटी त्यांच्याजवळ मी होते.

मी तिच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. तिनं मान हलवली. "न्हाई कळत. डबा आन."

मी डब्याला वायर लावायला गेले. आबा तो कॉटवर उशाशी ठेवून चार्ज करायचे. चार्जरचा ठोकळा वरच्या बोर्डात तसाच होता. वायर नव्हती. कॉटही रिकामी होती. गेलेल्या माणसाचं अंथरूण त्याच दिवशी घराबाहेर काढतात. बायकांनी आबांची गोधडी, चादर, उशी गुंडाळली तेव्हा वायरही आत गुंडाळली गेली होती, आणि ते बोचकं नदीच्या कडेला ठेवून आले होते.

मी आणि निलेश, म्हणजे माझा धाकटा भाऊ, नदीवर गेलो. बोचकं नव्हतं. कुणी नेलं असेल किंवा पाण्यानं. परत येताना रतनबाई मावशी दारात उभी होती.

"भायेर काढल्यालं घरात आनायचं नसतं," ती म्हणाली.

"नव्हतंच तिथं, मावशी."

"मग बरं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी टब ओतले. निलेश तळेगावला एका कारखान्यात आहे, यंत्रांशी त्याची ओळख आहे. त्यानं डब्याचं भोक मोबाइलच्या उजेडात बघितलं. बारीक पिनीच्या भोकापेक्षा मोठं, सी टाइपपेक्षा जाड, खालच्या कडा आत दुमडलेल्या. बारीक पिन आत जाऊन सैल हलत होती. सी टाइप जातच नव्हती. आयफोनच्या तर आबांनी बंगल्यावरून आणलेल्यांत सगळ्यात जास्त होत्या आणि सगळ्यात निरुपयोगी. टबातल्या सगळ्या वायरी, सगळ्या चिठ्ठ्यांसकट, अंगणभर झाल्या. त्यातली एकही बसली नाही.

"म्हणजे जगात ही एकच?" निलेश म्हणाला.

"जगात असतील. मळवलीत नाही."

भेटायला येणाऱ्यांना कळलं तसे ते आपापले चार्जर घेऊन येऊ लागले. आमच्याकडे दुःखाच्या घरी पिठलं-भाकरी आणतात. आमच्याकडे पिठलं-भाकरी आणि चार्जर आले. एकानं लॅपटॉपचा आणला. एकानं पाठीवरच्या फवारणी पंपाचा आणला. "घालून तर बघा," तो म्हणाला. निलेशनं त्यावरचे आकडे वाचले आणि हात जोडून परत दिला.

अमृतनं भजनी मंडळाचा मोठा स्पीकर आणला, माईकसकट. मी त्यात बोलले. आवाज मोठा होता, पण खोल, घुमणारा. आई म्हणाली, "गाडी आली का?" आणि फाटकाच्या दिशेनं बघत राहिली. निलेशनं ऑनलाइन बघितलं. डबे होते, वायरीही होत्या, पण सगळं दहाव्यानंतर येणार होतं.

तोवर आई येणाऱ्या प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत होती, आणि माणसं आपापल्या परीनं उत्तर देत होती. रतनबाई मावशीनं दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं अशा अर्थी. आईनं विचार केला आणि निलेशला पत्रे बघायला वर चढवलं. पत्र्यांतून गळत असणार, आणि त्यातच ह्यांचं मन अडकलं असणार, असं तिला वाटलं. निलेश वर जाऊन दोन खिळे ठोकून आला. त्यानं खूण केली, झालं. आईनं त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. पत्रे नव्हेत, हे तिला कसं कळलं ते मला माहीत नाही.

मी डबा पिशवीत घालून निघाले तेव्हा रतनबाई मावशीनं हटकलं.

"सुतकात बाजार करती व्हय?"

"वायर आणायची आहे."

"वायरीला सुतक न्हाई का?"

याचं उत्तर मी वाचलेल्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं. मी गेले.

कामशेतच्या मोबाइलवाल्यानं भोक बघितल्याबरोबर सांगितलं, "व्ही-थ्री."

"म्हणजे?"

"म्हणजे आता येत नाही." त्याच्याकडे व्ही-एट होती, म्हणजे बारीक पिन. व्ही-थ्री कुणाचं नाव, आणि मधले चार, पाच, सहा, सात कुठे गेले, ते त्यालाही माहीत नव्हतं. "ताई, हे डबडं टाका. ब्लूटूथचा घ्या, गाणीपण लागतात."

"गाणी नकोत."

"मग ठेवून जा. खोलून सी टाइपचा सॉकेट बसवून देतो."

"चालेल ना नक्की नंतर?"

"ते खोलल्यावर कळेल."

मी ठेवला नाही.

लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानांच्या रांगेत एक मोबाइलचं सामान विकणारा आहे. त्याच्याकडे एक वायर होती, पुढे फाटे फुटलेली. पाकिटावर लिहिलं होतं, सर्व मोबाइलसाठी. फाटे तीन होते. तीन म्हणजे सर्व, अशी त्याची समजूत होती. मी डबा दाखवला. त्यानं तिन्ही तोंडं लावून बघितली, मग डबा उलटा करून लावून बघितली.

"हा मोबाइल नाहीये मॅडम," तो शेवटी म्हणाला, त्यात माझीच काही चूक असल्यासारखा.

घरी आले तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती. तिनं भुवया वर केल्या. मी हात पसरले. हा हातवारा आमच्याकडे पूर्वीपासून होता.

ती जेवत नव्हती. चहा घेत होती, तोही निलेशनं हातात दिला तर. दहावा जवळ येत होता, आणि तिच्या मनात आबा कुठल्या तरी गोष्टीपाशी अडकून उभे होते, ती गोष्ट मला माहीत होती, आणि ती तिला सांगायला माझ्याकडे वायर नव्हती.

कॅमेऱ्याचं निलेशच्या डोक्यात आलं. त्यांच्या कारखान्यात फोटो काढायला एक जुना कॅमेरा होता, त्याला तसलं काहीतरी भोक होतं असं त्याला आठवत होतं. तो कॅमेरा भंगारात गेला होता. पण कार्ल्याच्या पायथ्याशी फोटोवाले असतात. देवीला आलेल्या माणसांचे फोटो काढतात आणि तिथल्या तिथे छापून देतात. त्यांचे कॅमेरे जुने असतात. आम्ही निलेशच्या मोटरसायकलवर गेलो. सुतक असल्यानं पायऱ्या चढता येणार नव्हत्या, म्हणून खालीच उभे राहिलो.

पहिला फोटोवाला आपणहूनच आला. "काढू का जोडीनं? पाच मिनिटांत देतो."

"भाऊ आहे," मी म्हणाले.

"मग भाऊ-बहिणीचा काढू."

निलेशनं त्याला वायर विचारली. त्यानं पिशवीतून काढून दिली. लांबून हुबेहूब तशीच होती. जवळ नेल्यावर तिचं तोंड थोडं चपटं निघालं. गेली नाही. कॅमेऱ्याची कंपनी बदलली की वायरीचं तोंड बदलतं, असं तो म्हणाला, आणि सनीला हाक मारली.

सनी प्रिंटरपाशी बसला होता. त्याचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा होता. त्यानं वायर काढून दिली. मी ती डब्याच्या भोकात घातली. ती गेली आणि बसली. हलवून बघितली, हलली नाही.

"ही द्याल का आम्हाला?" मी विचारलं.

"ह्यानं चार्ज नाही होणार ताई," सनी म्हणाला. "ही फोटोची वायर आहे. ह्यातून फोटो जातात, करंट नाही जात."

"खरंय," निलेश म्हणाला. "डेटाची वायर वेगळी असते."

"असेल," मी म्हणाले. "लावून बघते."

"कशाला पण पाहिजे?"

"आईशी बोलायचंय."

सनीनं डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "फोन लावा की."

निलेशनं त्याला बाजूला नेऊन काय ते सांगितलं. सनी परत आला आणि वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. "शनिवारी गर्दी असते," एवढंच म्हणाला. "तोवर आणा."

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली नव्हती. मी वायरीचं एक टोक बोर्डातल्या आबांच्या ठोकळ्यात घातलं, दुसरं डब्यात, आणि बटण दाबलं. काही झालं नाही. निलेश म्हणाला, "म्हणालो नव्हतो?" मग त्यानं खोलीतल्या दिव्याचं बटण दाबून बघितलं. लाइट गेलेली होती.

लाइट आली तेव्हा डब्यावर लाल दिवा लागला. फोटोच्या वायरीतून करंट जात होता, बहुधा पहिल्यापासूनच जात असणार, कुणी लावून बघितलं नव्हतं इतकंच. आई येऊन कॉटच्या रिकाम्या पट्ट्यांवर बसली आणि दिव्याकडे बघत राहिली. मध्ये एकदा तिनं डब्यावर हात ठेवला, गरम होतोय का बघायला. आम्ही तिघंही तिथंच बसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

दिवा हिरवा झाल्यावर मी पट्टा कमरेला बांधला. तो आबांच्या मापाचा होता, दोनदा वळवावा लागला. माईक डोक्यावर चढवला. बटण लावल्यावर खर्रकन आवाज झाला आणि आईनं मान वर केली.

"बोल," ती म्हणाली. "शेवटाला काय म्हनलं?"

कुंपणापलीकडे भांडी घासली जात होती. ती थांबली. त्याच्या पलीकडच्या घरातला टीव्हीही कुणीतरी बारीक केला. मी दार लावून घेऊ शकले असते. त्यानं फरक पडला नसता.

"गिझर बंद हाय का बघ, म्हणाले."

माझाच आवाज अंगणातून जाऊन खाचरांवरून परत आला. एवढा मोठा मी तो कधी ऐकला नव्हता.

"काय?"

"गिझर. बंगल्यातला. बंद हाय का बघ, म्हणाले."

"अगं बया," कुंपणापलीकडून रतनबाई मावशी म्हणाली. "आन देवाचं?"

"देवाचं न्हाई मावशी," मी म्हणाले, आणि ते सगळ्या आळीला सांगून झालं.

आईला मावशीचं ऐकू आलं नव्हतं. ती विचार करत होती. "मग? व्हता का बंद?"

"व्हय. त्यांनीच केलता."

"तू बघितलास?"

"वर जाऊन बघितला."

"आन खाली येऊन सांगितलंस त्यास्नी?"

"सांगितलं," मी म्हणाले. "पन मी आले तवा ते... ऐकलं का न्हाई, मला न्हाई ठाऊक, आई."

आईनं मांडीवरचा पदर सारखा केला. आयुष्यात कुणी काय ऐकलं आणि काय नाही, याबद्दल आमच्या घरात तिच्याएवढं कुणाला कळत नाही.

"ऐकलं आसंल," ती म्हणाली. मग, "मंजी काय ऱ्हायलं न्हाई त्यांचं. बसंल कावळा." आणि निलेशकडे वळून, "आन तू कशाला रं पत्र्यावर चढलास?"

"तूच चढवलंस!" निलेश ओरडला. ते तिला ऐकू गेलं नाही. कुंपणापलीकडे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

आई उठली. मला वाटलं, चुलीकडे जाईल. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आन तुजं?"

"माजं काय?"

"त्यांचं काय ऱ्हायलं न्हाई. तुजं काय ऱ्हायलंय? आल्यापास्नं बघतीया. वायर, वायर करीत हिंडतीयास. रडली न्हाईस का बोलली न्हाईस. काय ऱ्हायलंय ते सांग की. डबा हाय आता."

काही नाही, याचा हातवारा आमच्याकडे आहे. माझा हात अर्धा वरही गेला होता. कमरेला बटण होतं, ते बंद करता आलं असतं. भांडी अजून थांबलेली होती. निलेश भिंतीकडे बघत होता. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, माईकच्या थोडं वर, आणि वाट बघत होती.

"आई," मी म्हणाले, "मला आबा पायजेत."